एचआयव्हीचा रुग्ण दवाखान्यात उशिरा का पोहोचतो, आणि त्याला वेळेत कसे न्यावे

वजन निम्म्यावर आलेला, तोंडात पांढरी बुरशी धरलेला रुग्ण एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे मिळतात त्या केंद्रावर, आला की "इतके दिवस काय करत होतात?" हा प्रश्न त्याला ठरलेला असतो. रागाने विचारलेल्या या प्रश्नाचा उपयोग शून्य आहे. मात्र शांतपणे विचारला, तर त्याच्या उत्तरातच पुढचा मार्ग सापडतो. म्हणून घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाला उपचारांसाठी न्यायचे असेल, तर समजूत घालण्याआधी त्याला नेमके काय अडवते आहे हे काढून घ्यावे.

पुष्कळदा अडवणारी गोष्ट म्हणजे त्याची ठणठणीत तब्येत. लागण झाल्यावर अनेक वर्षे काहीच जाणवत नाही आणि तोवर प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी हळूहळू घटत राहतात; त्या दर घनमिलिमीटर रक्तात २०० च्या खाली गेल्या की क्षयासारखे आजार डोके वर काढतात. यात एक जुना गैरसमजही मिसळलेला असतो. पूर्वी पेशी ठरावीक मर्यादेखाली आल्यावरच गोळ्या सुरू होत, त्यामुळे "पेशी चांगल्या आहेत, नंतर या" असे सांगून घरी पाठवलेली माणसे तेच वाक्य अजून धरून बसलेली असू शकतात. २०१७ पासून हे धोरण बदलले असून पेशी कितीही असल्या तरी निदान होताच उपचार सुरू केले जातात, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

ज्यांची तपासणीच झालेली नाही, त्यांचा वेळ दुसरीकडे जातो. ताप आला की सलाईन, जुलाब लागले की पुन्हा सलाईन, आणि नागीण उठली की गेरूचा लेप व मंत्र, असे महिने निघून जातात. तरुण माणसाला नागीण झाली असेल, जुलाब महिनाभर हटत नसतील किंवा क्षयाचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांनी सुचवण्याची वाट न पाहता एचआयव्हीची तपासणी आपणहून मागावी. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, ती मोफत होते आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन मिळते. शंकास्पद संबंध अलीकडचा असेल, तर पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. आणि त्या संबंधाला ७२ तास उलटले नसतील, तर लागण टाळणारी औषधे देता येतील का, हे तातडीने सरकारी रुग्णालयात विचारावे.

सर्वांत चिवट अडथळा मात्र ओळखीचे कोणी पाहील ही भीती. तालुक्याच्या ठिकाणी एचआयव्हीच्या खोलीबाहेर बसलेले एखाद्या पाहुण्याने पाहिले, तर मुलीची सोयरीक मोडेल, असे बापाला वाटते, आणि ते वाटणे अगदीच निराधार नसते. अशा वेळी "लोकांचे काय घेऊन बसलात" म्हणण्यापेक्षा त्याला लांबच्या केंद्रावर न्यावे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एआरटीची सोय आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करण्यास, काही मर्यादित अपवाद सोडून, मनाई केली आहे. घराबाहेर पडायचीही तयारी नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोलण्यापासून सुरुवात करावी. आशाताईंची मदत मोलाची असते, पण त्याही त्याच गावच्या असतात. म्हणून त्यांना सांगण्यापूर्वी रुग्णाला विचारावे.

बाईच्या बाबतीत अडचण निराळी असते. गरोदरपणातल्या तपासणीत तिचे निदान आधी होते, नवरा तपासणीला तयार नसतो, आणि प्रवासाचे पैसे त्याच्याच हातात असल्याने ती त्याच्यासाठी थांबून राहते. तिने थांबू नये. तिच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील, तितका बाळाला लागण होण्याचा धोका कमी होतो, आणि ही गोष्ट सासूला कळली तर कित्येकदा गाडीभाड्याची सोय तीच करते. अर्थात सासूला सांगायचे की नाही, हे सुनेनेच ठरवावे.

उशिरा उपचार सुरू झालेल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: प्रतिकारशक्ती परतू लागली की दबलेला आजार उफाळून काहींना ताप येतो किंवा गाठी वाढतात. त्याला "औषध बाधले" समजून गोळ्या सोडू नयेत, लगेच केंद्रावर जावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची गाडी निघण्यापूर्वीच समुपदेशकाला भेटून आपण कोणत्या कारखान्यावर, किती महिने असणार हे सांगावे. तब्येत स्थिर असेल तर एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या सोबत मिळू शकतात, नाहीतर तिकडच्या जवळच्या केंद्राची सोय लावता येते. उपचाराची नोंदवही मात्र कोपीतल्या पेटीत नव्हे, तर अंगावरच्या पिशवीत ठेवावी, कारण तिकडच्या डॉक्टरांना आधी तीच पाहावी लागते.