खाणीखालचे भातशेत: लावणीआधी काय कराल

मृग दारात आला आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांची शेते खाणीच्या पायथ्याशी आहेत, त्यांच्या हाती पहिला मोठा पाऊस येईपर्यंतचे मोजके दिवस उरले आहेत. फेब्रुवारी २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, त्यांतल्या काही आता पुन्हा सुरू झाल्या. पण खाण चालू असो की बंद, टाकाऊ मातीचा डंप जागेवरच उभा असतो आणि त्यावरून उतरणारे पाणी आपल्याच शेतात येते.

पहिले काम गाळाचे. गेल्या पावसात वाहून आलेल्या खाणमातीचा थर शेतावर बसला असेल, तर तो नांगरून आत गाडू नका. थर कोरडा आणि तडकलेला आहे तोवरच फावड्याने खरवडून निघतो; एकदा चिखलणी झाली की ती माती मूळ मातीत मिसळते आणि मग कायमची राहते. खरवडलेली माती मेरेवर (बांधावर) रचू नका, पहिल्याच सरीत ती परत खाली येते. ओहोळाचे पाणी जिथून शेतात शिरते, तिथे गाळ बसायला एक खड्डा काढा. सुरुवातीच्या दोन-तीन मोठ्या पावसांचे लालभडक पाणी बाजूच्या चराने सरळ पुढे जाऊ द्या. रोपांसाठी पाण्याची कितीही घाई असली तरी ते पाणी घेऊ नका.

आता लोहाविषयी थोडे सविस्तर, कारण चूक इथेच होते. आपल्या जांभ्या जमिनीत लोह मुळातच भरपूर, वर खाणमातीची भर. जमीन कोरडी असताना हे लोह पाण्यात विरघळत नाही. शेतात पाणी साचून मातीतला प्राणवायू संपला की ते विरघळते आणि मुळांवाटे रोपात चढते. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत खालच्या जुन्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात, मग सगळे पान तांबूस पडते. बरेच जण याला करपा समजून बुरशीनाशक मारतात आणि पैसे वाया जातात. करप्याचा डाग दोन्ही टोकांना निमुळता असतो, मधोमध राखाडी. शंका असेल तर रोपांचा एक चूड (एका जागी लावलेला झुबका) उपटून मुळे धुऊन पाहा. मुळे मोजकीच, गडद तपकिरी आणि गंजाचा लेप बसलेली असतील, तर दुखणे लोहाचे आहे. शेतातल्या पाण्यावर तेलकट साय दिसते तीही काठीने मोडून पाहा: लोहाची साय तुकडे होऊन फुटते, खरे तेल पुन्हा जुळते.

उपाय आहेत, पण ते आधीपासून करावे लागतात. डोंगराच्या बाजूने शेताच्या कडेला खोल चर काढला तर झिरपून येणारे लोहयुक्त पाणी तिथेच अडते. माझ्या मते खर्चाच्या मानाने याइतका गुण दुसऱ्या कशाला नाही. मातीचा सामू (पीएच) कमी, म्हणजे माती आम्ल असेल तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेतीचा चुना घाला, प्रमाण मात्र मातीपरीक्षणावरूनच ठरवा. पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) या खतांत काटकसर नको, पालाश कमी पडले की लोहाची बाधा वाढते. गिरिपुष्पाचा ओला पाला खत म्हणून एरवी उत्तम, पण अशा शेतात तो पाण्याखाली कुजताना लोह आणखी सोडवतो. त्याऐवजी पूर्ण कुजलेले शेणखत वापरा. लावणीनंतर २५ ते ३० दिवसांनी शेतातले पाणी बाहेर काढून जमीन ७ ते १० दिवस नुसती ओलसर ठेवा. जुलैच्या झडीत हे कठीण असते, पण चर मोकळे असतील तर थोडी उघडीपही पुरते.

मृदा आरोग्य पत्रिकेत लोहापुढे ‘पुरेसे’ लिहिलेले पाहून निर्धास्त होऊ नका. ती तपासणी कमतरता शोधण्यासाठी असते. किलोभर मातीत ४.५ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की शेरा ‘पुरेसे’च येतो, मग ते कितीही जास्त असो. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक हे तर त्या पत्रिकेत नसतातच. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा.

धातू कोणता हे कळणे का गरजेचे, ते जपानच्या तोयामा भागात दिसले. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातात गेले आणि तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तिथल्या सरकारने हा प्रदूषणाचाच आजार असल्याचे मान्य केले. कॅडमियमचे वागणे लोहाच्या उलट: शेत कोरडे पडले की ते दाण्यात जास्त उतरते. म्हणून तिथे भात निसवण्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे शेतात पाणी ठेवायला सांगतात. आपल्याकडे मुख्य त्रास लोह आणि मॅंगनीजचा, पण दुसऱ्या खनिजाच्या खाणीजवळ शेती असेल तर तपासणीशिवाय शेतातले पाणी बाहेर काढू नका.

डंपलगतच्या तुकड्यात तांबडी भाजी, मुळा लावण्यापेक्षा भेंडी, दोडकी, तवशी (काकडी) लावा. धातू पानांत आणि मुळांत जितके साठतात, तितके सहसा फळांत साठत नाहीत. वेल मांडवावर चढवा, म्हणजे चिखल उडत नाही. विहिरीच्या पाण्यातले मॅंगनीज एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीच्या काठावर गुरे सोडू नका, पावसात कडा ढासळतात.

जुलै २०२१मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे खाणीचा बांध फुटून गाळ शेतांत आणि बागायतींत शिरला. तसे कधी घडलेच तर नुकसान सांगायला आधीचा पुरावा लागतो. या आठवड्यातच शेताचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि गाळ आल्यास तो उपसण्यापूर्वी पंचनामा करून घ्या.