तीन वेळा मोजलंत? आधी एप्सिलॉन पाहा
समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या २० यंत्रमाग कामगारांचा प्रतिक्रियाकाळ पाळीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि सुटताना मोजला. माणसं तीच, म्हणून साधा अनोव्हा (वेगवेगळ्या गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) चालत नाही. त्याच माणसांच्या पुन्हापुन्हा केलेल्या मोजण्यांसाठीचा रिपीटेड मेझर्स अनोव्हा लावायचा. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर ढीगभर तक्ते देतं, पण पी-व्हॅल्यूकडे (निकाल सिग्निफिकंट आहे का, ते ठरवणारा आकडा) धावण्याआधी स्फेरिसिटी बघा: कुठल्याही दोन वेळांमधल्या फरकांचा व्हेरियन्स (विखुरलेपण) साधारण सारखा हवा. पाळीच्या मध्यापर्यंत सगळे सारखेच मंदावले, पण सुटताना कुणी ताजातवाना आणि कुणी पार गळालेला (मागाच्या खडखडाटात नवल नाही), तर ही अट मोडते आणि निकाल उगाच सिग्निफिकंट दिसू लागतो. ही अट तपासणाऱ्या मॉकलीच्या चाचणीवर फार विसंबू नका. लहान नमुन्यात तिच्या नजरेतून बरंच सुटतं. सरळ तक्त्यातली ग्रीनहाउस-गायसर या दुरुस्तीची ओळ वाचा. तिचा एप्सिलॉन म्हणजे अट किती पाळली गेली त्याचं माप: १ म्हणजे पूर्ण, जितका कमी तितकी मोडलेली. एप्सिलॉन ०.६० असेल, तर डिग्रीज ऑफ फ्रीडम (पी काढताना लागणारे दोन आकडे) त्याने गुणले जाऊन २ आणि ३८ ऐवजी १.२ आणि २२.८ होतात, एफ (चाचणीचा मुख्य आकडा) तोच राहतो, पी सहसा वाढतो. प्रबंधात हेच दशांशातले आकडे लिहा. एप्सिलॉन ०.७५ च्या वर असेल, तर ह्यून-फेल्ड्ट ही थोडी सौम्य दुरुस्ती घेतली तरी चालतं. आणि एखादा कामगार शेवटच्या मोजणीला आलाच नाही, तर एसपीएसएस त्याची अख्खी ओळ गाळतं. असे बरेच असतील तर अपुऱ्या ओळीही वापरणाऱ्या मिक्स्ड मॉडेलकडे वळा.