नव्या टाकीतल्या गोगलगायी
अ‍ॅक्वेरियमची टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी चार गोगलगायी सोडल्या, तिथेच चुकलं. आठवड्याभरात तिघी काचेवर पाण्याबाहेर चढून बसल्या, चौथी शंखाचं झाकण मिटून तळाशी निपचित. वास घेतला, मेलेलीला भयंकर दुर्गंधी येते, हिला नव्हती. पाणी तपासायच्या किटने पाहिलं तर विषारी अमोनिया 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग)! तो शून्यच हवा. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. मग रोज पाव टाकी पाणी बदललं, क्लोरीन काढूनच. मैत्रिणीच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा, ज्यात हे जिवाणू आधीच असतात, माझ्या फिल्टरमध्ये घातला, खरा फरक त्यानेच पडला. तो नळाखाली धुवू नका, टाकीतल्याच पाण्यात पिळा. तांबं असलेलं माशांचं औषध तर अजिबात नको, गोगलगायींना ते विषच. पाचव्या दिवशी चौथीचं झाकण किंचित उघडलं, आधी दोन बारीक शिंगं बाहेर आली, मग ती हळूहळू काकडीच्या चकतीकडे निघाली.