जुनी बीएमएक्स परत रेसच्या रूपात आणायची असेल तर

रामबाग म्हणा, स्नेहलतागंज म्हणा, इंदुरात जुन्या घराच्या जिन्याखाली एखादी बीएमएक्स, म्हणजे मातीतल्या रेसची वीस इंची सायकल पडलेली असतेच, हँडलला मधे आडवा दांडा, मागे कुणीतरी नंतर ठोकलेलं कॅरिअर, आणि आई दर दिवाळीला म्हणते की दे रे ती भंगारात. देऊ नका. थोडा वेळ आणि थोडे पैसे घातले तर मस्त तयार होते.

पहिलं काम काही लावायचं नाही, काढायचं. १९७० च्या आसपास साउथ कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांची (मातीतली मोटरसायकल रेस) नक्कल करत मातीत सायकली पळवायला लागली तेव्हा त्यांच्याकडे बहुतेक श्विन कंपनीची स्टिंग-रे सायकल होती, १९६३ ला आलेली, आणि त्यांनी आधी मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड सगळं उपटून टाकलं. तोच खरा रेस लुक. म्हणून कॅरिअर, मडगार्ड, घंटी, सगळं (बरं, घंटी राहू द्या, राजवाड्याच्या गर्दीत लागते) खोला आणि खोलायच्या आधी चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर वॉशर कुठला कुठे होता हे शोधत बसाल.

मग फ्रेम नीट बघा. हँडलच्या खाली, चिमट्याच्या मुळाशी आणि पॅडलच्या जोडाजवळ कलर रेघेसारखा फुटलेला दिसला तर तो क्रॅक असू शकतो, तिथे रंग मारून झाकू नका, अशी फ्रेम भिंतीवर टांगायला ठीक, चालवायला नाही. गंज मात्र घाबरण्यासारखा नसतो. क्रोमवर अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, अर्धा गंज तिथेच जातो. लोखंडी नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवून, सुकवून, लगेच तेल. अॅल्युमिनियमची रिम, ब्रेक वगैरे व्हिनेगरमध्ये टाकू नका, काळे पडतात.

आता बेअरिंगचे छर्रे. इथे कंजूषी करू नका भाऊ, जुने छर्रे परत घालणारे मिस्त्री भरपूर आहेत. बहुतेक साध्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) मागे पाव इंची, एका बाजूला नऊ, पुढे ३/१६ इंची, एका बाजूला दहा, तरी खोलताना आपले मोजून घ्या. ग्रीस भरून कोन (छर्रे दाबून धरणारा नट) असा कसायचा की चाक मोकळं फिरेल पण हलवलं तर खडखडणार नाही. चेन पट्टीने मोजा, बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात, १२ १/८ इंच भरली की बदला, आणि चेनसोबत फ्रीव्हीलचे दातेही बघा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसल्यामुळे कित्येक क्रँक (पॅडलचे दांडे) गेलेत.

टायर घेताना नुसतं "वीस इंची द्या" म्हणू नका. २० x २.१२५ आणि २० x १ ३/८ ही दोन वेगळी मापं आहेत, रिमच्या मिमी मापात एक ४०६ आणि दुसरं ४५१, एकमेकांवर चढतच नाहीत. ऑनलाइन बाहेरचा जुना स्टेम (हँडल धरून फ्रेममध्ये उतरणारा तुकडा) मागवणार असाल तर आणखी एक गोची, जुन्या बीएमएक्सचा स्टेम बहुतेक २१.१ मिमी असतो आणि साध्या सायकलचा २२.२, एका मिलिमीटरने सगळी मजा जाते.

रंग सोलून पावडर कोटिंग करायचं तर सांवेर रोडच्या कारखान्यांकडे विचारा, पण ते भट्टीत साधारण २०० डिग्रीवर भाजतात तेव्हा छर्ऱ्यांचे कप, प्लास्टिक, स्टिकर सगळं आधी निघालेलं हवं. स्टिकर बटर पेपरवर ट्रेस करून ठेवा, फ्लेक्सवाला कटिंग करून देतो. मी तर म्हणतो ओरिजनल रंग साठ टक्के जरी शिल्लक असेल तर हात लावू नका, घासलेला जुना रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा भारी दिसतो.

आणि आता खरी मजा, सामान. पुढची नंबर प्लेट तर पाहिजेच, बीएमएक्सचा नावाजलेला रायडर बॉब हारो याने धंदा सुरू केला तो याच प्लेटांनी. आपल्याकडे सनपॅकची (पोकळ प्लास्टिकची) शीट मिळते, निवडणुकीनंतर तर रस्त्यावर पडलेली असते, कापून, नंबर टाकून, झिप टायने आडव्या दांड्याला बांधा. दांड्यांवरच्या मऊ पॅडसाठी एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम घ्या आणि गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडून वर रेक्झिन व वेल्क्रो शिवून घ्या. एक दांड्यावर, एक स्टेमवर, एक फ्रेमच्या वरच्या नळीवर. ग्रिपचं सोपं आहे, बीएमएक्सचं हँडल २२.२ मिमी, मोटरसायकलची डावी ग्रिप बरोबर बसते, उजवी नाही कारण तिथे अॅक्सिलरेटरची नळी असते, म्हणजे दोन डाव्या मागायच्या आणि दुकानदाराचं तोंड बघायचं.

ताड्यांमधले (स्पोकमधले) रंगीत मणी, हँडलच्या झालरी, हबवरची गोंड्यासारखी रिंग, हे रेसवालं नाही, गल्लीवालं आहे. शुद्धतावादी लोक नाकं मुरडतील. मला मागच्या चाकात मणी आवडतात, मी लावतो.

पहिल्यांदा चालवल्यावर स्टेमचा बोल्ट, चाकांचे नट आणि क्रँक परत एकदा पान्याने कसा, नव्या ग्रीसनंतर सगळं थोडं बसतं. उड्या त्यानंतरच, आणि हेल्मेट घालून.