ओढा शिकायचा तर मे महिन्यातही जा

शाळेच्या पुस्तकातलं तळं आठवतंय? मधोमध कमळ, काठावर बेडूक, खाली मासा, वर बगळा आणि सगळ्यांना जोडणारे बाण. त्या तळ्यात बारा महिने पाणी असतं. आमच्या गावामागचा ओढा जुलैत पुलाला टेकतो, दिवाळीनंतर बारीक होतो आणि एप्रिलमध्ये त्याचे दोन-चार डोह उरतात. मी बी.एस्सी.ला आणि पुढे एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, तरी गोड्या पाण्याची परिसंस्था खऱ्या अर्थाने कळायला लागली ती या आटत्या ओढ्यावर. म्हणून नवीन मुलांना मी सांगतो, एकच पाणवठा धरा, घराजवळचा, आणि वर्षभर तिथेच जात राहा.

पाणी गेल्यावर जीव कुठे जातात, हा प्रश्न पुस्तक फारसं विचारत नाही. प्रॅक्टिकलला पायला ही गोगलगाय प्रत्येकाने हाताळलेली असते. तीच पायला उन्हाळ्यात चिखलात उतरते, झाकण घट्ट लावते आणि पावसाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहते. मरळ हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो, त्यामुळे इतर मासे गुदमरतात त्या डोहात तो टिकतो. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पहिल्या पावसानंतर साचलेली उथळ डबकी तर चुकवूच नका. त्यांत फेअरी श्रिम्प नावाचे इवलेसे, पाठीवर पोहणारे जीव दिसतात. त्यांचं आयुष्य काही आठवड्यांचं. डबकं सुकलं की मागे उरतात ती फक्त अंडी, जी कोरड्या मातीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ तग धरतात.

सामान फार लागत नाही. चहाची मोठी गाळणी, पांढरा ट्रे, मऊ ब्रश आणि भिंग. वाहत्या पाण्यातला दगड उचला, ट्रेवर धरून त्याची खालची बाजू ब्रशने हळूच झाडा. बहुतेक वेळा तीन शेपट्यांची आणि पोटाच्या कडेला कल्ल्यांची झालर असलेली अळी दिसेल, ती मेफ्लाय या कीटकाची. दोनच शेपट्या असतील तर स्टोनफ्लाय असण्याची शक्यता जास्त, पण शेपट्या तुटतात, म्हणून कल्लेही बघा. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिसफ्लाय. चतुराची अळी सापडली तर थोडा वेळ नुसती बघत बसा. तिचा खालचा ओठ घडी घातलेला असतो आणि शिकार टप्प्यात आली की झटकन पुढे फेकला जातो. गावाच्या खालच्या अंगाला, सांडपाणी मिसळतं तिथे, यातलं बरंचसं गायब होतं आणि चिखलात लाल अळ्या वळवळताना दिसतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. ऑक्सिजन कमी असला तरी त्यांचं भागतं. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला कॉलेजात विंकलर पद्धत शिकवतात. नमुना बुडबुडा न राहता भरायचा आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालायचं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबायचं नाही. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ संपलेला. कॉलेजच्या सहली अकरा वाजता पोचतात हा यातला मोठा घोळ. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो आणि पहाटे तो तळ गाठतो, कारण रात्रभर सगळेच श्वास घेतात, बनवत कोणीच नाही. मासे मरतात ते बहुधा पहाटे. तेव्हा एकदा तरी उजाडण्याआधी जा.

मासे मात्र मासेमारी करणाऱ्यांकडूनच शिका. भिगवणच्या मासळीबाजारात अर्धा तास उभं राहिलं तरी उजनी धरणात काय चाललंय याचा अंदाज येतो: चिलापी, चिलापी आणि चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. कंपनी सरकारच्या सेवेत राहिलेल्या कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीच्या शहरातल्या पुलावर उभं राहिलात तर यावर विश्वास बसणार नाही.

एकटं पाण्यात उतरू नका. धरणाखाली नदी असेल तर विसर्गाची सूचना आधी बघा. पायाला जखम असेल तर गमबूट घाला, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) भीती खरी आहे. अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय साधी गोगलगायही उचलायची नाही.

पुढे काय, हे पालक हमखास विचारतात. मत्स्यविज्ञानाची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला, उदगीरला करता येते. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आहे. प्राणिशास्त्रवाल्यांनी आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र माहीत करून घ्यावं. माझ्या मते टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून प्रमाण मोजणं) कोणीही शिकतं, पण ट्रेमधली अळी बघून निदान तिचं कुळ सांगू शकणारी माणसं कमी आहेत. म्हणून पहिल्या वर्षापासून एक वही ठेवा. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. फोटो हवे तेवढे काढा, पण चित्र हाताने काढा. हाताने काढताना कल्ले मोजावेच लागतात.