फास्ट टॅरँट्युलाची पिल्लं पाळताय? आधी या चुका टाळा

पाऊस लागला की माझ्या फोनवर मेसेज चालू होतात, कोण वडगावचा, कोण खानापूरचा, कोण निपाणीचा, आणि प्रश्न बहुतेक दोनच. "दादा, पिल्लू उलटं पडलंय, मेलं काय?" नाहीतर "दादा, झाकण उघडलं आणि सुटलंच की, आता कुठं शोधू?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. मी मुख्यतः ओबीटीबद्दल बोलतोय, म्हणजे ऑरेंज बबून टॅरँट्युला, मोठ्या केसाळ कोळ्याची एक जात, शास्त्रीय नाव टेरिनोकायलस म्युरिनस, १८९७ साली पोकॉकनं दिलेलं. मूळचा आफ्रिकेतला, केनिया टांझानियापासून खाली झिंबाब्वे बोत्स्वानापर्यंत. पण कोबाल्ट ब्लू, चिलोब्रॅकिस असले जे आशिया-आफ्रिकेतले कोळी आहेत, ज्यांना आपण ओल्ड वर्ल्ड म्हणतो, त्यांच्या पिल्लांना पण यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

अमेरिकेकडच्या बऱ्याच टॅरँट्युलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात, घाबरलं की ते पायानं केस उडवतात आणि विषय संपतो. या ओल्ड वर्ल्डवाल्यांकडं ते केसच नाहीत. मग त्यांच्याकडं दोनच रस्ते उरतात, पळायचं किंवा चावायचं. लोकं म्हणतात लई रागीट जात आहे, लई डेंजर आहे. मला ते पटत नाही. एक सेंटीमीटरचं पिल्लू तुमच्यावर कशाला रागवेल? ते घाबरलेलं असतंय, आणि पळतंय कारण लपायला जागा दिलेली नसते. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

मोठा डबा आणि बोटभर माती

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. प्रेमापोटी होते, मान्य आहे, एवढंसं पिल्लू आणि त्याला फूटभर डबा, आत प्लॅस्टिकची झाडं, रंगीत खडे, आणि माती बोटभर. त्यात त्याला खाणं सापडत नाही, तुम्हाला ते सापडत नाही, आणि झाकण उघडलं की ते सरळ काचेवरनं वर. त्यापेक्षा मेडिकलमध्ये युरिन टेस्टची स्क्रू झाकणाची पारदर्शक डबी मिळते, नवी कोरी घ्या, पहिले काही महिने तीच बास. तिच्यात निम्म्याच्या वर, दोन तृतीयांशापर्यंत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं, बोटानं चांगलं दाबायचं, पेन्सिलीनं कडेला तिरकं भोक पाडायचं आणि त्यावर झाडाच्या सालीचा छोटा तुकडा टेकवून ठेवायचा. पिल्लू दोनचार दिवसांत ते भोक आपलं करून घेतं, तोंडाशी पांढरं जाळं विणतं, माती ओढून आणून चिकटवतं. त्यानंतर तुम्ही झाकण उघडा, ते बाहेर नाही पळणार, आत पळणार. फास्ट कोळ्याला आत पळायला जागा असणं यापेक्षा मोठी सेफ्टी कुठलीच नाही, चिमटे नाही, ग्लोव्हज नाही.

कोकोपीट नर्सरीतनं आणताना खत मिसळलेलं नको, साधी वीट आणा, भिजवा, मुठीत घेऊन थेंब पडायचा बंद होईपर्यंत पिळा. डबीला हवेची भोकं पाडायला सुई गरम करा, आतनं बाहेर टोचा म्हणजे धारदार कड बाहेर राहते, आणि नुसती झाकणाला नको, बाजूंना पण पाडा, हवा आरपार गेली पाहिजे. भोक पिल्लाच्या डोक्याकडच्या टणक भागापेक्षा बारीकच हवं. पोट मऊ असतंय, ते दाबून निघतं, पण तो टणक भाग जिथनं गेला तिथनं अख्खं पिल्लू गेलं समजा.

पाणी, आणि आपला पाऊस

दोन टोकाच्या चुका आहेत इथं. एकजण वाचतो की ओबीटी कोरड्या भागातला, आणि पिल्लाला पण ठणठणीत कोरडं ठेवतो. मोठ्या ओबीटीला ते चालतं. पिल्लाच्या अंगात पाणी धरून ठेवायची ताकद तेवढी नसते, ते सुकतं, पोट बारकं होऊन सुरकुत्या पडतात. दुसरा रोज स्प्रे मारतो. आता बघा, आपल्या बेळगाव जिल्ह्यातच किती फरक आहे. खानापूर, जांबोटी साइडला जुलैमध्ये कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथं स्प्रे कशाला पाहिजे? हवेतच एवढा ओलावा की कोकोपीटवर पांढरी बुरशी धरते, बारीक माइट्स, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे, होतात. तेच अथणी-रायबागकडं एप्रिलमध्ये ठेवलेली डबी दोन दिवसांत कडक कोरडी. त्यामुळं कुणी "आठवड्यातनं दोनदा स्प्रे" असलं वेळापत्रक सांगितलं तर ऐकू नका, आपली डबी बघा. मी एका कडेनं ड्रॉपरनं थोडे थेंब सोडतो, एक बाजू ओली एक कोरडी, पिल्लू आपल्याला पाहिजे तिथं बसतं. पावसाळ्यात तेवढं पण कधीकधी करत नाही. जरा मोठं झालं की बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा.

हीटर, बल्ब काही नको. आपल्या घरातलं तापमान त्यांना पुरतं. डिसेंबरात बेळगावात रात्री गार पडतं तेव्हा खाणं कमी होईल, वाढ हळू होईल, एवढंच. बल्बखाली ठेवलेली डबी मात्र भाजून निघते.

उलटं पडलंय म्हणजे मेलं नाही

निपाणीच्या एका पोराचा रात्री साडेअकराला फोन आला, रडायच्या बेतात होता.

"दादा, मेलं वाटतंय. पाय वर करून पडलंय."

"पाठीवर पडलंय का पाय पोटाखाली मुडपलेत?"

"पाठीवर. खाली जाळ्याची चटई केल्यागत दिसतंय."

"मग जिवंत हाय की. कात टाकतंय. हात लावू नको, फुंकर मारू नको, डबी उचलू पण नको."

"काडीनं जरा सरळ करतो की?"

"अजिबात नको. झोप जा."

सकाळी फोटो आला, एका कडेला चुरगळलेली कात आणि शेजारी पिल्लू, लांब लांब पाय पसरून, आधीपेक्षा केवढं तरी मोठं. त्यानं रात्री काडी लावली असती तर ते मेलंच असतं, कारण कात टाकताना अंग एवढं मऊ असतंय की जरा टोचलं तरी फाटतं.

मरायला टेकलेला कोळी वेगळा दिसतो. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करायला स्नायू नसतात, अंगातल्या द्रवाच्या दाबानं पाय ताणले जातात. पाणी कमी पडलं, दाब गेला की पाय आपोआप पोटाखाली मुठीसारखे वळतात. म्हणजे पोटावर आणि पाय मुडपलेले दिसले तर मात्र लगेच हालचाल करा, ओल्या टिश्यूवर ठेवा, तोंडाशी पाण्याचा थेंब पोचेल असं बघा. कधीकधी उठतं.

कात टाकायच्या आधी पिल्लू खाणं सोडतं, पोट काळपट चकाकतं, बीळ जाळ्यानं नाहीतर मातीनं बंद करून घेतं. इथं लोकं घाबरून बीळ उकरतात. उकरू नका हो. आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, ते आत बरं आहे. कात टाकल्यावर लगेच खायला पण देऊ नका. दात आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात, काळे झाल्यावरच द्या.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. चारपाच दिवसांतनं एकदा, भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको, अगदी बारक्या पिल्लाला मिलवर्म अळीचा तुकडा नाहीतर डोकं चेचलेलं क्रिकेट, म्हणजे रातकिडा, चालतं. न खाल्लेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, कारण कात टाकत असलेल्या पिल्लाला जिवंत क्रिकेट कुरतडून खातं. पोट फुग्यागत फुगेपर्यंत चारायचं नाही, तसलं पिल्लू नुसतं वरनं पडलं तरी पोट फुटतं.

घरातलं विष

यावर कोण बोलत नाही, आणि आपल्याकडं पिल्लं जाण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. मच्छरचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, कुत्र्याची गोचीड पावडर, हे सगळं किडे मारायलाच बनवलंय आणि कोळ्याला त्यातला फरक कळत नाही. त्या खोलीत मशीन लावायचंच नाही, मच्छरदाणी लावा. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद. विष लागलेलं पिल्लू ओळखू येतं, पाय थरथरतात, चाल झोकांड्या खाल्ल्यागत होते, स्वतःच्याच पायात अडकतं. त्यावर औषध नाही. स्वच्छ हवेत, स्वच्छ डबीत ठेवून वाट बघायची.

आणि तंबाखू. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. निकोटीन हे मुळात कीटकनाशकच आहे, तंबाखूच्या झाडानं किड्यांपासून वाचायला बनवलेलं. तंबाखू मळलेल्या हातानं, वखारीतनं आल्याआल्या डबी उघडू नका, साबणानं दोनदा हात धुवा मगच. ऊस, भाजीच्या शेतातनं पकडलेले टोळ नाकतोडे पण नकोत, कुठल्या फवारणीतनं आलेत कळत नाही. खाण्याचे किडे घरीच वाढवा.

मुंग्यांचं मी स्वतः भोगलंय. श्रावणातली सकाळ, चहा घेऊन टेबलाशी गेलो तर टेबलाच्या पायावरनं लाल मुंग्यांची दोऱ्यागत बारीक रांग, वर चढून डबीच्या भोकातनं आत. पिल्लानं रात्रीच कात टाकली होती. अंग अजून दुधाळ, पळायला पायात जोर आला नव्हता. मी झाकण काढेपर्यंत काही उरलं नव्हतं, पायाचं एक टोक हलत होतं ते पण मुंग्या ओढत होत्या म्हणून. चार महिने वाढवलेलं पिल्लू. मी कितीतरी दिवस त्या टेबलाकडं बघू शकलो नाही. खडू मारता येत नाही, स्प्रे मारता येत नाही, मग करायचं काय? शेवटी आज्जीनं सांगितलं, "दुधाचं पातेलं ठेवतोय तसं ठेव की." परातीत पाणी, मधे वाटी पालथी, वाटीवर डब्यांचा ट्रे. परात भिंतीला टेकलेली नको आणि पाणी आटू द्यायचं नाही. त्या दिवसापासून एक पण मुंगी पोचली नाही.

डबी बदलताना

पिल्लं सुटतात ती बहुतेक याच वेळी, आणि तेव्हा घाईच नडते. दिवसा करा, रात्री लाईट गेली तर काय करणार? फॅन बंद. दाराच्या फटीत टॉवेल. पोरंबाळं, मांजर बाहेर. आणि खाली जमिनीवर बसून करा, टेबलावर नको, कारण उंचावरनं पडलं तर पोट फुटून जीव जातो. कपडे धुवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या, सगळं त्याच्यात. माझी पद्धत अशी, जुनी डबी झाकण काढून नव्या डब्यात आडवी ठेवून द्यायची, वरनं नवं झाकण लावायचं, आणि सोडून द्यायचं. दोन दिवसांनी ते आपणहून बाहेर येऊन नवीन जागा धरतं, मग रिकामी डबी काढायची. तेवढा दम नसेल तर लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या, मागच्या पायांना हळूच टेकवा, आणि पुढं पारदर्शक कप तयार ठेवा. ब्रशनं ढकलायचं नाही, नुसतं सांगायचं.

हातावर चढलं तर झटकू नका. हे सांगायला सोपं आहे मला माहीत आहे, माझ्या मनगटावरनं कोपरापर्यंत एक पिल्लू पापणी लवायच्या आत गेलं होतं. हात तसाच टबात धरून ठेवा, ते थांबतं. पळतं ते झटक्यात आणि मग एका जागी गोठतं. त्या थांबलेल्या क्षणी वरनं कप.

सुटलंच तर फर्निचर ओढाओढ करू नका, चिरडेल. भिंतीच्या कडा, पडद्याच्या घड्या, चपला, कपाटामागची अंधारी फट टॉर्चनं बघा. पाण्यात भिजवलेला कापूस कोपऱ्यात ठेवा, तहानलेलं पिल्लू रात्री तिकडं येऊ शकतं. आणि घरच्यांना सांगा, लपवू नका. चपला झटकून घालतील तरी.

पिल्लाच्या चाव्यानं सहसा फार होत नाही पण वाढलेल्या ओबीटीच्या चाव्यानं भयंकर ठणकतं, सूज येते, स्नायूंना पेटके येतात, कधी काही दिवस राहतात. सापाच्या चाव्याचं इंजेक्शन याला लागू नाही, त्यामुळं डॉक्टरांना कोळ्याचं नाव सांगा, डबीवर मार्करनं लिहूनच ठेवा. लहान मूल असेल, श्वासाला त्रास होत असेल तर वाट बघत बसू नका.

शेवटचं, जंगलातनं आणणं. खानापूर, चोर्ल्याकडच्या रानात आपले देशी टॅरँट्युला आहेत, झाडाच्या ढोलीत, रस्त्याकडेच्या बांधातल्या बिळात, आणि पावसाळ्यात नर मादीच्या शोधात फिरताना दिसतात. फोटो काढा, सोडून द्या. पोईसिलोथेरिया हा टॅरँट्युलांचा अख्खा वंश, ज्यात आपला इंडियन ऑर्नामेंटल आणि आंध्रातला निळा गुटी येतो, २०१९ पासून साइटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर साइटीस यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची सरकारकडं नोंद करावी लागते. विकणारा "काही होत नाही ओ" म्हणतो तेव्हा त्याला विचारा, हे पिल्लू कुणाच्या घरात जन्मलं, आईबाप कुठले, कागद आहेत काय. उत्तर नीट येत नसेल तर तिथनं घेऊ नका.