गावाचं पान धूळपाटीवर कसं गिरवावं

खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीला 'माझं गाव' हा प्रकल्प दिला. पूर्वी अशा प्रकल्पासाठी मुलं गुरवाकडं, कुंभारवाड्यात, नाहीतर आजीच्या मागं लागून माहिती आणायची. त्या वर्षी सगळ्यांनी घरचा मोबाईल धरला, आणि सव्वीस वह्यांत तीच दोन वाक्यं आली: गाव बेळगाव जिल्ह्यात आहे, लोकसंख्या अमुक आहे. एका मुलीनं खाली लिहिलं होतं, "बाई, आमच्या गावाबद्दल अजून कुणी लिहिलंच नाही की." तिला मी पूर्ण गुण दिले. पुढचा अभ्यास माझा होता: गावाचं पान मराठी विकिपीडियावर, म्हणजे कुणालाही लिहिता येणाऱ्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, कसं लिहायचं.

गावाचं नाव इथं देत नाही. तुम्ही तुमच्या गावाचं घालून वाचा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. खातं उघडायला सदस्यनाव आणि परवलीचा शब्द पुरतो. ईमेलही द्या, नाहीतर परवलीचा शब्द विसरला की खातं गेलंच. खरं नाव द्यावं लागत नाही. मुलींना तर मी टोपणनावच घ्यायला सांगते. खातं झालं की थेट लेखाला हात घालू नका. तिथं सरावासाठी प्रत्येकाला एक कोरं पान मिळतं, त्याला धूळपाटी म्हणतात. हा शब्द पाहून मी बराच वेळ थांबले. माझे आजोबा फळीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवत शिकले होते. चुकलं की हात फिरवायचा, पुन्हा गिरवायचं. इथंही तसंच आहे. चार दिवस तिथं लिहा, पुसा. काही अडलं तर विचारायची जागाही आहे, तिचं नाव चावडी. खेड्यातल्या माणसाला परकं वाटू नये अशी ही नावं ज्यांनी ठेवली, त्यांचे उपकार आहेत.

टाईप करणं अवघड वाटत असेल तर मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरचा माईक दाबून बोला. पण नंतर वाचून घ्याच. आपल्या बाजूचे हेल त्याला नीट कळत नाहीत, आणि 'करालाय'चं तो भलतंच काही करतो.

आता खरं काम: संदर्भ. 'आमचं गाव फार प्राचीन आहे' असं लिहिलंत की शेजारी 'संदर्भ हवा' अशी खूण येऊन बसते. तिचा राग मानू नका. वर्गात मी तरी वेगळं काय विचारत होते? कुठं वाचलंस, दाखव.

पहिला आधार म्हणजे २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. गावाचं क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या, सारं त्यात मिळतं. दुसरा आधार १८८४ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथाचा, एकविसावा खंड. तो आख्खा बेळगाव जिल्ह्यावर आहे आणि इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर फुकट वाचता येतो. शेवटच्या भागात गावांची नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावली आहेत. मोठी गावं सापडतील, वाड्या बहुधा नाही. स्पेलिंग जुनं असतं, म्हणून दोन-तीन तऱ्हांनी शोधा. त्यातली अंतरं, बाजाराचा वार, देवळांची वर्णनं घ्या. जातीजमातींबद्दल साहेबानं केलेले शेरे मात्र तथ्य म्हणून उचलू नका. ते वाचताना मला अजूनही त्रास होतो.

देवळाबद्दल लिहिताना विशेष जपा. आमच्याकडं कुठल्याही जुन्या दगडी देवळाला पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या हलशीचं उदाहरण घ्या. जुन्या कदंब राजांची पलाशिका ती हीच. तिथं मिळालेल्या ताम्रपटांचं वाचन इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात छापलं, आणि कदंब राजा मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं त्यात आहे. इतका भक्कम पुरावा हाताशी असताना पांडवांवर थांबायचं कशाला? दंतकथाही लिहा, पण ती दंतकथा आहे हे सांगून, आणि ती कुठं छापली गेली आहे ते दाखवून.

माझी एक चूक सांगते, तुमचे दोन महिने वाचतील. गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत मीच लिहिलेला लेख होता. त्याची छापखान्यातली फाईल मिळवली, तर जुन्या डीटीपी फॉन्टमुळं पडद्यावर नुसती चिन्हं आली. युनिकोड नसलेला मजकूर शोधलाही जात नाही, वाचलाही जात नाही. मग छापील पानांचे फोटो काढून मोबाईलकडून अक्षरं ओळखून घेतली. त्यात 'ख'चा 'रव' झाला, 'भ'चा 'म' झाला. आठवडाभर शुद्धलेखन तपासलं. सगळं चढवलं आणि दुसऱ्या दिवशी ते उडालं. कारण योग्यच होतं. आधी छापलेला मजकूर जसाच्या तसा चालत नाही, मग तो तुमचा स्वतःचा का असेना. हक्क खुला केल्याची रीतसर परवानगी लागते. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणून वाचा, वही मिटा, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या.

फोटोंचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कितीही सुंदर असो, तो आपला नव्हे. स्वतः काढलेला विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, चढवा. एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही आणि फोटो कुणीही वापरू शकतो, म्हणून मुलांचे चेहरे नकोत. पाण्याची टाकी, शाळेची इमारत, वीरगळ, भट्टीतून निघालेली कौलं आणि मडकी घ्या. खानापूरच्या मातीकामाचे चांगले फोटो तर हवेतच.

नावाचा विषय टाळता येणार नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. मराठीत आपण बेळगाव लिहितो, बोलतो. लेखात दोन्ही द्या. कुणी एक पुसून दुसरं लिहिलं तर लगेच उलटवत बसू नका; लेखाच्या 'चर्चा' पानावर संदर्भासह मांडा. 'इतिहास'मध्ये प्रत्येक बदल जपलेला असतो, काही हरवत नाही. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे, पण गावाच्या पानावर ते मी लिहिलेलं नाही. तिथं माझ्या गावातला कन्नड शेजारीही वाचायला येतो. उलट शेजारच्या कन्नड शाळेतल्या एका तरुण मास्तरांना विनंती केली, त्यांनी कन्नड विकिपीडियावर पान केलं. मग दोन्ही पानं एकमेकांना जोडली. आता भाषा बदलली तरी गाव तेच राहतं.

एक गोष्ट मात्र विकिपीडियात मावत नाही: जी कुठंच छापलेली नाही ती. आमच्या गावात कुठल्या शेताला काय म्हणायचे, पेरणीला कुठली गाणी म्हणायचे, हे तीन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक. ते मोबाईलवर बोलतं करून ठेवा. पंखा बंद करा, फोन त्यांच्या पुढ्यात उशीवर ठेवा, आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि 'हे लोकांना ऐकवलं तर चालेल काय?' हा प्रश्न त्यांच्याच आवाजात येऊ द्या. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. फाईल दोन ठिकाणी ठेवा, आणि होकार असेल तरच इंटरनेट अर्काइव्हवर चढवा. मधे बोलू नका. पहिल्या दोन ध्वनिफितींत माझाच आवाज जास्त आहे.

ती वहीतली मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या दिवाळीत तिनं गावाच्या पानावरची माझी एक चूक दुरुस्त केली: तळ्याची दिशा मी पूर्व लिहिली होती, ते पश्चिमेला आहे.